दारात कोण आहे, याबाबतचा प्रस्ताव

पुस्तकाचा सर्वांत मोठा शत्रू वाळवी नव्हे, वाचक होय.

हे वाक्य ऐकायला कडू लागेल, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्याने आयुष्य काढलं आहे तो ते नाकारणार नाही. आमच्या ग्रंथालयाने मध्यंतरी यावर रीतसर अभ्यास करवून घेतला होता (अनुदान मंजूर झालं, खर्चही झालं, तेव्हा अभ्यासही झाला असावा). त्यात असं आढळलं की पुस्तकांच्या एकूण हानीपैकी चार टक्के हानी ओलीमुळे होते, तीन टक्के वाळवीमुळे, एक टक्का उंदरांमुळे आणि उरलेली ब्याण्णव टक्के वाचनामुळे. उंदीर निदान पुस्तक घरी नेत नाही. वाचक नेतो, उशाखाली ठेवतो, पानांचे कोपरे दुमडतो, आणि परत आणून दिल्यावर वर तोंड करून विचारतो की याचा पुढचा भाग आहे का.

मी या ग्रंथालयाच्या गौरव कक्षाचा अधीक्षक आहे. अनुदानं, फेलोशिप आणि पुरस्कार हे सगळं माझ्याकडे येतं. कक्ष प्रशस्त आहे, उजेड चांगला येतो, तीन मोठ्या खिडक्या आहेत. पूर्वी इथे वाचनकक्ष होता, पण वाचनकक्षाला पुरस्कार मिळाल्यावर ते स्मृतिचिन्ह ठेवायला जागा लागली, मग त्याची नोंद ठेवायला टेबल लागलं, टेबलाला माणूस लागला, आणि असं करत करत वाचनकक्ष जिन्याखाली गेला. तिथेही तो सुखात आहे. त्याला तिथे 'जागेचा कल्पक वापर' हा पुरस्कार मिळाला.

ग्रंथालयात पुस्तकं किती आहेत हे विचारलंत तर मला काउंटरवर चौकशी करावी लागेल. पुरस्कार किती, हे झोपेतून उठवलंत तरी सांगेन. सत्तेचाळीस. ज्या विभागात कुणीच येत नाही त्याला शांतता पुरस्कार. पुस्तक नेऊन त्याच दिवशी परत करणाऱ्याला तत्परता पुरस्कार. पुरस्कारासाठी उत्तम अर्ज लिहिणाऱ्याला अर्जलेखन पुरस्कार (याला अर्ज करावा लागतो). एक पुरस्कार असा आहे की तो कशासाठी हे कुणालाच आठवत नाही, पण तो दर वर्षी वेळेवर दिला जातो आणि घेणाऱ्याने आजवर कधी विचारलेलं नाही.

शिवाय चौदा फेलो आहेत. त्यांतले ज्येष्ठ फेलो 'वाचकांची अनुपस्थिती' या विषयावर काम करतात. मागच्या अहवालात त्यांनी तक्रार केली होती की दुपारच्या वेळी एक वाचक येऊन बसतो आणि त्यामुळे निष्कर्ष बिघडतात. आम्ही त्या वाचकाला नीट समजावून सांगितलं. माणूस समजूतदार होता. आता येत नाही.

या सगळ्यात मानाचा म्हणजे 'उत्कृष्ट जतन पुरस्कार'. तो माणसाला नसतो, पुस्तकाला असतो. तीन सदस्यांची समिती कपाटांमधून फिरते आणि ज्या पुस्तकाचे कोपरे शाबूत, पाठ ताठ, कापडाचा रंग टवटवीत, त्याला गुण देते. परीक्षण बाहेरूनच होतं. पुस्तक उघडलं की पाठीवर ताण येतो, ताण आला की गुण कमी होतात, आणि परीक्षकामुळेच गुण कमी व्हावेत हे कुठल्या न्यायात बसतं? म्हणून न उघडण्याची पद्धत पडली. ती इतकी निर्दोष आहे की दुसऱ्या विद्यापीठांतले लोक ती बघायला येतात. आम्ही त्यांना ती बाहेरूनच दाखवतो.

गेली अकरा वर्षं हा पुरस्कार एकाच पुस्तकाकडे आहे: सहा भागांच्या एका जुन्या कादंबरीचा सहावा भाग. पहिल्या भागाची अवस्था बघवत नाही. दुसऱ्याची शिवण उसवली आहे, तिसऱ्यावर चहा सांडला आहे, चौथ्यात कुणाच्या तरी पोराने सगळ्या बायकांना मिशा काढल्या आहेत, आणि पाचव्याची शेवटची पानं बोटं लागून लागून जुन्या धोतरासारखी मऊ पडली आहेत. सहावा मात्र तुळतुळीत. पुरस्कारप्राप्त पुस्तक बाहेर द्यायचं नाही असा नियम आहे, आणि बाहेर दिलं जात नाही म्हणून त्यालाच पुन्हा पुरस्कार मिळतो. इतकी स्वयंपूर्ण योजना मी सरकारातसुद्धा पाहिलेली नाही. खाली काउंटरसमोरच्या दालनाच्या मधोमध त्याच्यासाठी काचेची पेटी केली आहे, वर मंद दिवा आहे. येणारे-जाणारे तिथे आवाज खाली आणतात.

तर अशा सुरळीत चाललेल्या कारभारात एक दिवस एक्सचेंजबाई आल्या.

बाई म्हणजे आमच्याच विद्यापीठाच्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. निम्म्या प्राध्यापकांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण 'लाइनवर थांबा' हे त्यांचे शब्द ऐकले की आजही ते हातातलं काम टाकून थांबतात. निवृत्तांना ग्रंथालयाचं कार्ड आयुष्यभर मिळतं. (ही सवलत देताना कुणी ती वापरेल अशी कल्पना नव्हती.) बाईंनी काउंटरवर पाचवा भाग ठेवला.

"हा घ्या. आता सहावा द्या."

काउंटरवरच्या कारकूनबाईंनी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. "तो तिथे आहे."

"दिसतोय मला. मला तो हवाय."

"अहो, तो पुरस्कारप्राप्त आहे."

"असू दे की. मी कुठे त्याला नावं ठेवतेय? वाचून परत देईन."

कारकूनबाई हादरल्या. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो माझ्याकडे पाठवायचा असा प्रघात आहे, त्याप्रमाणे त्यांनी बाईंना माझ्याकडे पाठवलं. मी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कक्षाची माहितीपुस्तिका दिली. बाईंनी पुस्तिका पंख्यासारखी हलवून वारा घेतला आणि सांगायला सुरुवात केली.

"साहेब, मला मोठी बहीण आहे. आम्ही दोघीच. ताईची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी वाचते, ती ऐकते. या कादंबरीचे पाच भाग झाले आमचे. पाचवा कुठे संपतो माहितीय? कादंबरीतली ती बहीण घरात एकटीच. भाऊ भांडून गेलाय, तो दुसऱ्या भागापासून गायब. आणि दारावर थाप पडते. ती उठते, जाते, कडी काढते. संपलं! आता मला सांगा, ही काय रीत झाली?"

मी म्हणालो, "आमच्याकडे शेवटाबद्दल तक्रार घेण्याची सोय नाही."

"तक्रार नाही हो. ताईचं हृदयाचं ऑपरेशन करायचंय. डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका. आणि ही हटून बसलीय. दारात कोण होतं ते कळल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही, म्हणते. मध्येच काही बरंवाईट झालं तर जन्मभर, म्हणजे मेल्यावरसुद्धा, मी त्या दारातच उभी राहीन, म्हणते. एकदा तारीख घेतली होती, ती हिने परत पाठवली. काय करू मी?" शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा तो एक्सचेंजवरचा आवाज एकदम बारीक झाला. "माझं दुसरं कुणी नाही, साहेब."

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पुरस्कार वाटून वाटून माणूस दगड होतो असं काही लोक म्हणतात, ते खोटं आहे. मला वाटलं, उठावं, पेटी उघडावी आणि पुस्तक त्यांच्या हातात द्यावं. हा विचार माझ्या मनात स्पष्टपणे आला आणि तितक्याच स्पष्टपणे गेला. कारण पेटीची किल्ली तीन अधिकाऱ्यांकडे तीन तुकड्यांत असते. मी त्यांना त्याहून चांगलं काहीतरी दिलं. मी त्यांना फेलोशिपचा अर्ज दिला.

'संरक्षित ग्रंथ अवलोकन अधिछात्रवृत्ती' ही आमची सर्वांत प्रतिष्ठित फेलोशिप. ती मिळाली की संरक्षित ग्रंथ एकदा उघडून बघता येतो. आजवर ती कुणालाही मिळालेली नसल्यामुळे तिची प्रतिष्ठा टिकून आहे. बाईंनी तिथेच बसून अर्ज भरला. विषय: सहावा भाग. उद्देश: वाचणे. अपेक्षित निष्कर्ष: दारात कोण आहे ते कळेल.

छाननीत अर्ज परत आला. शेरा होता की निष्कर्ष मोघम आहेत. मी बाईंना फोन करून समजावलं की अपेक्षित निष्कर्ष आधीच ठामपणे लिहायचे असतात.

"म्हणजे दारात कोण आहे ते आधी लिहायचं?"

"हो."

"ते मला माहीत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आले असते?"

"बाई, हाच तर संशोधनाचा पाया आहे. जे शोधायचंय ते सापडलं आहे असं दाखवल्याशिवाय शोधायला पैसे कोण देईल?"

पलीकडून बाई म्हणाल्या, "लिहा. दारात भाऊ आहे."

आता अर्ज पुढे सरकला. तो लवकर सरकावा म्हणून मी स्वतःच्या हाताने त्यावर 'अतितातडीचे' अशी लाल चिठ्ठी लावली. त्याचा परिणाम लगेच दिसला. फाइल नेहमीच्या समितीकडून काढून अतितातडीच्या समितीकडे गेली. ही समिती फार क्वचित भरते. तातडीची कामं मुळात कमी असतात.

मधल्या काळात बाई येत राहिल्या. येऊन काचेच्या पेटीपाशी उभ्या राहायच्या. एकदा मी खाली गेलो तर काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरली होती. मी रुमालाने ती पुसली (ओलावा: चार टक्के). त्या म्हणाल्या, "ताईला काल जिना चढताना धाप लागली. दोन पायऱ्यांवर बसून राहिली. मी म्हटलं, भाऊच असेल गं दारात, चल आता दवाखान्यात. तर म्हणते, तू माझी समजूत घालतेयस. पुस्तकात काय लिहिलंय ते सांग." मी त्यांना धीर दिला की समितीतल्या तिघांपैकी दोघं गावात आहेत.

अखेर मुलाखत झाली. समितीवर एक अध्यक्ष, एक लेखाधिकारी आणि एक विषयतज्ज्ञ. विषयतज्ज्ञ मृदाशास्त्राचे प्राध्यापक होते. साहित्याच्या प्राध्यापिकेला बोलावलं होतं, पण त्यांनी पहिले पाच भाग वाचले असल्याचं स्वतःच कबूल केल्यामुळे त्यांचा यात हितसंबंध आहे असं ठरलं.

अध्यक्षांनी विचारलं, "दारात भाऊच आहे, असं आपण कशावरून म्हणता?"

"दुसरं कुणी असलेलं ताईला चालणार नाही."

"ही वैयक्तिक भावना झाली."

"मग दार उघडणाऱ्या माणसाची भावना वैयक्तिकच असते ना?"

मृदाशास्त्रज्ञ माणूस भला होता. त्यांनी काळजीने विचारलं, "समजा भाऊ नाही आला तर? सगळा निष्कर्ष एकाच माणसावर उभा करणं धोक्याचं आहे. मी म्हणतो, दारात आणखी कुणीतरी ठेवा. निदान एक शेजारीण."

लेखाधिकाऱ्यांनी शेजारणीला मान्यता दिली, पण दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर काय, अशी शंका काढली. त्यावर एक त्रयस्थ निरीक्षकही दारात असावा असं एकमताने ठरलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"बरं. लिहा तिघं," त्या म्हणाल्या. "पण भाऊ पुढे असू दे."

"आणि या भेटीचं समाजाला फलित काय?"

"भाऊ इतक्या वर्षांनी आलाय. ती त्याला जेवायला वाढेल."

'पोषणविषयक परिणाम' असं लेखाधिकाऱ्यांनी टिपून घेतलं. प्रस्ताव मंजूर झाला.

मंजुरीनंतर समारंभ आलाच. फेलोशिप काउंटरवरून देता येत नाही, ती व्यासपीठावरूनच द्यावी लागते. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, मखमली फोल्डरमधलं प्रशस्तिपत्र. कुलगुरूंनी 'वाचाल तितकं थोडंच' या आशयाचं मोठं भाषण केलं आणि आपण स्वतः रोज किमान शंभर पानं वाचतो असं सांगितलं (फाइलींची, पण पानं ती पानंच). ज्येष्ठ फेलोंनी वाचक प्रत्यक्ष पाहण्याची आपली ही पहिलीच वेळ असल्याचं सांगून बाईंबरोबर फोटो काढून घेतला. बाई सारखं घड्याळाकडे बघत होत्या. रुग्णालयाने दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली होती, आणि या वेळी नाही म्हटलंत तर पुढचं आम्ही सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

पुस्तक घरी जाऊ देण्यात अडचण होती, ती मी सोडवली. ताईंची नेमणूक सहसंशोधक म्हणून केली, त्या रुग्ण असल्यामुळे त्यांची खोली हे तात्पुरतं उपकेंद्र ठरवलं, आणि पुस्तकाचा पालक म्हणून मी स्वतः सोबत गेलो. किल्लीचे तिन्ही तुकडे एकत्र आले, पेटी उघडली. मी हातमोजे घातले. पंचेचाळीस अंशांहून जास्त उघडायचं नाही, पानावर सरळ श्वास सोडायचा नाही, एवढ्या दोनच अटी होत्या. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी पोचलो. तिसरा मजला, जिना अरुंद. बाईंचे हात पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्हाने भरले होते, म्हणून दारावर थाप मी मारली.

आतून आवाज आला, "दारात कोण आहे?"

"मी. गौरव कक्षाचा अधीक्षक."

"भाऊ नाही ना? मग या, बसा."

ताई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरे केस घट्ट विंचरलेले, रुग्णालयाची पिशवी पायाशी भरून ठेवलेली. पण पिशवीची चेन उघडी होती. अजून काही ठरलेलं नव्हतं, हे त्या चेनवरून कळत होतं. स्मृतिचिन्ह त्यांनी हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कशावर ठेवायचं असतं?" मग लगेच, "आणलास का गं? वाच."

बाईंनी चष्मा लावला. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कोन मोजून दिला. बाईंनी पहिलं पान उलटलं. कोरं होतं. पहिलं पान कधीकधी असतं. त्यांनी दुसरं उलटलं, तिसरं उलटलं, मग बोटाने एकदम जाड गठ्ठा उचलून मधलं पान काढलं. सगळं कोरं. शेवटपर्यंत कोरं. इतका स्वच्छ, डागविरहित, एकसारखा पांढरा कागद मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार, खरं सांगतो, अभिमानाचा होता.

मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

"अगं, थांबलीस का? कोण आहे दारात?"

एक्सचेंजमध्ये एकाच वेळी सगळ्या लाइनी तुटल्यावर बाई ज्या आवाजात बोलत असतील, त्याच संथ, खणखणीत आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. कडी काढली. दार करकरलं. बाहेर तिघं उभे होते.

"तिघं?" ताई म्हणाल्या.

"पुढे भाऊ. त्याच्या मागे शेजारीण. आणि एक त्रयस्थ निरीक्षक."

"तो कशाला आलाय?"

"लिहिलंय तसं वाचतेय मी, ताई. मध्ये बोलू नकोस."

समितीने मंजूर केलेला मजकूर एवढाच होता. तो पाच मिनिटांत संपला. त्यापुढे बाई एकट्याच गेल्या. भावाचे केस पांढरे झाले होते, त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, लहानपणी बहीणच ते लावून द्यायची. बाई बरोबर एका पानाला लागेल एवढा वेळ वाचायच्या आणि पान उलटायच्या. एकदासुद्धा चुकल्या नाहीत. मी समोर बसून पानांवर नजर ठेवून होतो, आणि थोड्या वेळाने मला त्यांवर अक्षरं नाहीत हे मुद्दाम आठवावं लागत होतं.

"भाऊ काय म्हणाला?" ताईंनी हळूच विचारलं.

"म्हणाला, उशीर झाला गं मला."

"आणि ती?"

बाईंनी पान उलटलं. बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे बघत राहिल्या.

"ती म्हणाली, ताट वाढलेलंच आहे."

हात लांब करून ताईंनी बहिणीचा हात शोधला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुस्तकावर पडू नये म्हणून मी खुर्ची मागे ओढली.

"शेजारीण आणि तो दुसरा?" थोड्या वेळाने ताईंनी विचारलं.

"ते बाहेरच उभे राहिले."

"मेल्याला बोलवायचं की आत. उगाच ताटकळत ठेवलं." मग त्या उशीवरून पुढे वाकल्या, पायाशी चाचपडत पिशवी शोधली आणि तिची चेन लावली.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं कार्यालयीन आहे.

कोऱ्या पानांबाबत चौकशी समिती नेमली गेली. मुख्य ग्रंथपालांना लगेच आठवलं. कादंबरीचे पाच भाग आल्यावर सहाव्याच्या बांधणीला कोणतं कापड घ्यायचं हे ठरवण्यासाठी बाइंडरने एक नमुना पाठवला होता. आत कोरे कागद, बाहेर कापड. रंग पसंत पडला की खरा सहावा भाग तसा बांधून देणार होता. रंग ठरवायला उपसमिती नेमली गेली, तोवर नमुन्यावर शिक्का मारून तो कपाटात ठेवला गेला. उपसमिती अजून काम करते आहे. रंगाबद्दल मतभेद आहेत (पुरस्काराच्या परीक्षकांना मात्र तो पहिल्यापासून आवडला). बाइंडर मधल्या काळात धंदा बंद करून मुलीकडे राहायला गेला, आणि खरा सहावा भाग त्याच्या माळ्यावर आहे की नाही हे शोधण्यासाठी लवकरच एक अनुदान जाहीर होईल.

चौकशी समितीचा अहवाल संतुलित आहे. पुस्तकात मजकूर नसल्यामुळे शाई फिकट होण्याचा धोका नाही, वाचकाला ते उघडण्याचं कारण उरत नाही, सबब जतनाच्या दृष्टीने हा आदर्श ग्रंथ होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाराव्या वर्षीचा पुरस्कार 'विशेष उल्लेखासह' त्यालाच मिळाला. उरलेल्या पुस्तकांच्या बाबतीत ही पातळी कशी गाठता येईल यावर एक फेलो काम सुरू करत आहेत.

बाईंनी आपला अंतिम अहवाल वेळेत दिला. अपेक्षित निष्कर्ष: दारात भाऊ, शेजारीण, त्रयस्थ निरीक्षक. प्रत्यक्ष निष्कर्ष: तेच. आमच्या इतिहासात प्रस्ताव आणि निष्कर्ष शब्दशः जुळल्याचं हे पहिलंच उदाहरण असल्यामुळे त्यांचं नाव 'वाचन गौरव' या नव्या पुरस्कारासाठी सुचवण्यात आलं आहे. ताई आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. त्यांचा मला निरोप आला की सातवा भाग असणारच, तो निरीक्षक कोण आणि कुठून आला हे कुठेच आलेलं नाही, तेव्हा शोधून ठेवा. मी शोधतो आहे. खरं तर त्यांचा निरोप आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. एवढं मोठं विद्यापीठ, एवढ्या समित्या, चौदा फेलो. आणि पुढे काय होतं हे आम्हाला कधी कुणी विचारलं असेल, तर ते एका दृष्टी गेलेल्या बाईने.

आता 'वाचन गौरव'साठी एकच जागा भरायची राहिली आहे, बाहेरच्या परीक्षकाची. पात्रता फार कडक आहे. परीक्षकाला पुस्तकांबद्दल प्रेम असावं, मन हळवं असावं, पण कुतूहल अजिबात नसावं. कुतूहल असलं की माणूस पुस्तक उघडतो, आणि मग सगळंच अवघड होऊन बसतं. असा माणूस मिळेना. मृदाशास्त्राच्या प्राध्यापकांचा विचार चालला होता, पण परवा चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, ती कादंबरी कुठली हो?" त्यांचं नाव वगळावं लागलं.

आपण मात्र माझ्याबरोबर इथवर आलात. समितीला हसलात, ताईंसाठी जीव टांगणीला लावलात, कोऱ्या पानांवर हळहळलातही. मी सुरुवातीपासून वाट बघत होतो, की कुठेतरी थांबून आपण विचाराल: कादंबरीचं नाव काय, लिहिली कुणी, पहिला भाग तरी कुठे वाचायला मिळेल? तसं काही झालं नाही. कक्षातर्फे अभिनंदन. नियुक्तिपत्र पाठवत आहे. त्यावर फक्त सही करून परत पाठवावं, पाकीट उघडलं नाहीत तरी चालेल.